ओटीला लागणारं पाणी

या, अशा जवळ येऊन बसा बरं. दाराशीच काय टेकता, परक्याच्या घरी आल्यासारखं? आणि किती दिवसांनी उगवलात! मी मेले की मग येणार होता का, चिवडा खायला? असू द्या, रागावत नाही. बसा. मी शाळेत फारशी गेले नाही, अक्षरं किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, त्यामुळे मला बोलल्यासारखंच लिहिता येतं. तेव्हा वाचायचं म्हणून वाचू नका, ऐकल्यासारखं वाचा.

तर सांगते काय, की माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्याइतका समुद्राचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि होणारही नाही. आता वऱ्हाड कुठं आणि समुद्र कुठं? अकोल्याला उन्हाळ्यात मोर्णेच्या पात्रात पोरं विट्टीदांडू खेळत. अंगणात सांडलेलं पाणी वाळायच्या आत दोन चिमण्या त्यावर भांडत. अशा गावात हा माणूस चहाच्या बशीकडं बघत बसायचा आणि मधेच मान हलवून म्हणायचा, "आली तर नाई थांबत थे भित." कोण आली, कोणती भिंत, हे नव्या पाहुण्याला कळायचं नाही. आम्हाला कळायचं. समुद्राची लाट आली तर. आणि गंमत अशी की तोवर भाऊजींनी समुद्र पाहिलेलाच नव्हता, चित्रातला सोडून.

ते सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली दहा-पंधरा वर्षं, जिकडंतिकडं रस्ते, पूल, रपटे चाललेले. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, पूर आला की खुशाल पाण्याखाली जाणारा. अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, असा एक रपटा भाऊजींच्या देखरेखीखाली बांधून झाला. एक दिवस ते तिथं उभे असताना पाणी आलं. गावात थेंब नव्हता, पाऊस वर डोंगरात पडलेला. आणि कोरड्या नाल्यातून ते पाणी वाहत आलं नाही, उभं आलं, भिंतच्या भिंत चालत यावी तसं. पहिल्याच धडकेत त्यानं रपट्याचा दगडी कठडा उचलून नेला. मग दिवसभर त्याहून मोठा पूर त्याच रपट्यावरून गेला, आणि उरलेला एक दगड हलला नाही. दुसरा माणूस असता तर साहेबाला काय सांगायचं या काळजीत पडला असता. भाऊजी छत्री टेकून संध्याकाळपर्यंत काठावर बसून राहिले आणि घरी येऊन पाय धुवायच्या आधी माझ्या बहिणीला म्हणाले, "आयकलं का? पयलं पानी मारते. मांगचं नुसतं ढकलते." बहीण म्हणाली, "पयले जेवून घ्या." पण तो माणूस त्या दिवशी जो त्या पाण्यात वाहून गेला तो गेलाच.

मग केव्हातरी त्यांच्या वाचनात आलं, की कुठल्याशा दूरदेशी समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि तिथून उठलेली लाट किनाऱ्यावरची घरंच्या घरं घेऊन गेली. आज तुम्ही त्याला सुनामी म्हणता, शेंबडं पोरसुद्धा म्हणतं. तेव्हा आमच्याकडं तो शब्द नव्हता. भाऊजी नुसतं "थे लाट" म्हणत, आणि ते अशा आवाजात म्हणत की पाळण्यातलं मूल रडायचं थांबे. त्यांना तिची भीती होती म्हणाल तर होती, पण ती पळून जायची भीती नव्हती. तिला गाठून विचारायचं होतं त्यांना, की बाई गं, तू भिंतीला नेमकी किती जोरानं मारतेस?

त्यांनी पाण्याच्या माराच्या पाच जाती केल्या होत्या. मला त्या अजून पाठ आहेत, कारण भाऊजींच्या घरी जेवायला बसायचं तर त्या ऐकाव्याच लागत. पहिला उभा रेटा. पाणी काहीही न करता भिंतीला टेकून उभं राहतं तो. तेवढ्यानंसुद्धा भिंत दमते, आणि पाणी दुप्पट खोल झालं की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. दुसरा धावता रेटा, वाहत्या पाण्याचा. तिथंही वेग दुप्पट की मार चौपट. तिसरी पहिली थप्पड, म्हणजे लाटेचं तोंड भिंतीवर आदळतं ती. ती क्षणाची असते, पण भिंत आयुष्यभर विसरत नाही. चौथा ओंडक्याचा टोला. पाणी एकटं येत नसतं, येताना झाडं, होड्या, दुसऱ्यांची छपरं बरोबर घेऊन येतं. आणि पाचवी खालून उचल. पाणी घराखाली शिरून घरालाच हलकं करतं, की मग बाकीच्या चौघांना सोपं जातं. माझी बहीण हे ऐकून म्हणायची, "हे तं आपल्या नातेवाईकायचंच सांगून राह्यले." आणि खरंच, भाऊजींनी सगळ्या गोताची वाटणी करून टाकली होती. त्यांची आई उभा रेटा. धाकटी वहिनी पहिली थप्पड. गोड बोलून घर पोखरणारे एक काका होते, ते खालून उचल. मी विचारलं, "अन् मी हो भाऊजी?" तर त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, तुमी ओंडका." मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी त्यांनी समजूत काढली, "अवो, ओंडक्याशिवाय हिशेब पुरा होत नाई."

हिशेब ते मनातल्या मनात करत नसत. घराच्या मागच्या अंगणात छपराची एक लांब पत्र्याची पन्हाळ त्यांनी विटांवर आडवी ठेवली होती. तिच्या एका तोंडाशी माझ्या बहिणीचा जेवायचा पाट उभा अडकवायचा, पाटामागं पाणी साठवायचं, आणि दुसऱ्या तोंडाशी साबणाच्या खोक्याचं घर. त्या घराची पुढची भिंत ताणकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याला, बांधलेली. मग भाऊजी काट्याला नाक लावून ओणवे बसत आणि ओरडत, "सुमन, उचल!" सुमन म्हणजे त्यांची थोरली मुलगी. ती परकरात असल्यापासून हा पाट उचलायचं काम तिचं. तिच्याइतका सरळ आणि झटक्यात पाट कोणाला उचलता येत नसे. पाट वर, पाणी धडाड्, खोकं आडवं, भाऊजींची टोपी ओली, आणि बापलेक दोघं एकाच आवाजात ओरडायचे, "थप्पड!" बहीण स्वयंपाकघरातून म्हणायची, "गावात दिवसाआड नळ येते, मान्सं हंडे घेऊन फिरून राह्यले, अन् हा मानूस पानी भितीवर आपटून राह्यला!" पण त्यातला थेंब वाया जात नसे, हेही सांगितलं पाहिजे. तेच पाणी परातीत धरून पुन्हा पाटामागं, आणि शेवटी निंबाच्या झाडाला. त्या झाडाला जितक्या लाटा मिळाल्या तितक्या कोकणातल्या नारळालाही मिळाल्या नसतील.

बाहेरही त्यांचं हेच. कोणाच्या घरी गेले की आधी भिंतीवर बोटानं टकटक, मग यजमानाला नमस्कार. बशीत चहा ओतला की त्यात टोस्ट उभा करायचा आणि बशी हळूच कलवायची. टोस्ट पडला की म्हणायचे, "पाया कच्चा." एकदा अकोटच्या एसटी स्टँडवर गाडी लागली आणि लोक दाराकडं धावले, तर भाऊजी मुद्दाम दाराशी गर्दीकडं तोंड करून उभे राहिले. अर्थातच आडवे झाले. धोतराचा सोगा फाटला, कोपर सोललं, गाडी निघून गेली. मी आयोडिन लावत होते तर डोळे चमकवत सांगतात, "पयल्या चार झनायनं पाडलं मावशी. मांगचे पन्नास नुसते ढकलून राह्यले होते!" हसायचं की रडायचं? पण खरं सांगते, या माणसाचा मला अभिमान वाटायचा. कारण आकडा सांगितला की त्याच दमात तो कुठं चुकू शकतो हेही ते सांगत. "अंदाज म्हंजे काय वं मावशी," एकदा म्हणाले, "इमानदारीनं सांगतलेली भीती." बाकीचे लोक भीती लपवतात, नाहीतर वाढवून सांगतात. भाऊजी ती तोलून हातात देत.

आता जे सांगायचं म्हणून तुम्हाला बसवलं ते सांगते.

सुमन मोठी झाली आणि मास्तरीण व्हायच्या शिक्षणासाठी अमरावतीला माझ्याकडं, राजापेठेत, राहायला आली. माझे हे बडनेऱ्याला रेल्वेत होते. त्यांच्या हाताखाली एक कोकणातला मुलगा होता, शांत, डोळे खाली घालून बोलणारा. तो सुट्टीच्या दिवशी आमच्याकडं यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा सुमननं त्याला पाणी दिलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा सुमन लसूण सोलत बसली आणि बोलता बोलता आख्खी टोपली सोलून मोकळी झाली. माझ्या घरी महिनाभर सगळ्या भाज्यांना लसणाचीच फोडणी. मला काय समजायचं ते समजलं. मुलगा आपल्यातलाच, त्याच्याही घरच्यांनी छप्पन्न सालानंतर धम्म घेतलेला. त्याच्या गावात, अगदी समुद्राकाठी, नवी शाळा निघत होती आणि त्याला रेल्वे सोडून तिथं मास्तर म्हणून जायचं होतं. तिथं मास्तरीणही हवी होती. असं सगळं दुधात साखर पडावी तसं जुळून आलेलं, त्यात फक्त एक गोष्ट मी विसरले. समुद्र.

मुलाचे मामा बोलणी करायला अकोल्याला आले. मी सुमनला घेऊन आदल्या दिवशीच पोचले होते. धम्मात आल्यापासून आमच्या बहिणीनं पत्रिका, मुहूर्त, ओटी भरणं, सगळं सोडलं होतं, त्यामुळं बोलणी पोह्यांच्या आत संपतील असं तिला वाटलं. पण मुलामुलीची पत्रिका सोडली तरी भाऊजींनी घराची पत्रिका मांडली. भिंत किती जाड? कशाची? मामा म्हणाले, जांभ्याची, म्हणजे तो तिकडचा लाल, भोकाभोकांचा दगड. दगडांमधल्या सांध्यांच्या दर्जा चुन्याच्या का मातीच्या? दार कोणीकडं? मामा बिचारे हुंड्याची बोलणी नको म्हणून सांगायला आले होते, ते दर्जांची उत्तरं देऊन घामाघूम झाले. शेवटी भाऊजींनी विचारलं, "अन् मोठ्यात मोठं पानी, समुद्राचं, कुठवर येते?"

मामा अभिमानानं म्हणाले, "अवो, उधाणाला ओटीला लागतं की!"

वऱ्हाडात ओटी एकच, बाईच्या कमरेची, लुगड्याचा पदर खोचून जिथं नारळ-तांदूळ घेतात ती. घरापुढं असते तिला आम्ही ओसरी म्हणतो. भाऊजींचा चेहरा उतरला. आत माझी बहीण दाराआड उभी होती, तिनं कमरेला हात लावून पाहिला.

"कवा? सालातून एखांद्या वख्ताले?" भाऊजींनी विचारलं.

"छे, छे. अवसेला, पुनवेला. मोठं उधाण असलं म्हंजे ओटीला पाणी ठरलेलंच."

बहीण न राहवून दारातून बोलली, "अन् मंग सैपाक कुठी करता हो?"

"सैपाक? आतमधी. आत कशाला येतंय पाणी? ओटीच्या वर नाय येत कधी."

"वर नाई येत," भाऊजी पुटपुटले. "कमरेवर थांबते."

मामांना वाटलं लोक घाबरले, म्हणून ते धीर द्यायला लागले, "आवो, मजा असते! आमची पोरं तर ओटीवर बसूनच गळ टाकतात. मासे आयते!"

बहिणीनं डोळे मिटले. तिच्या डोळ्यापुढं काय आलं ते मला बरोबर कळलं, कारण माझ्याही तेच आलं. घरात कमरेइतकं पाणी, त्यात बाया उभ्या, एकेकीच्या मांडीवर, नाही, मांडीवर तरी कसं, कडेवर एकेक पोर, आणि पोराच्या हातात गळ. ती मला कानात म्हणाली, "आपुन ओटी भरनं सोडलं वं, अन् तठी समुद्रच भरून राह्यला!"

मामा गेल्यावर भाऊजींनी खडू घेतला आणि फरशीवर बसले. आधीच कमरेइतकं पाणी उभं, त्यावर थे लाट. उभा रेटा चौपट, थप्पड वरच्या अंगाला, जांभ्याची भिंत, मातीच्या दर्जा. ओसरीपासून न्हाणीपर्यंत फरशी पांढरी झाली. शेवटी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "भित पडते."

"पोट्टं कसं हाय थे सांगा," बहीण म्हणाली.

"पोट्टं सोन्यासारखं हाय. भित पडते."

सुमन तोवर आत होती. ती उंबऱ्यात आली. आवाज चढवला नाही, बापाचीच लेक ती. म्हणाली, "बाबा, त्याले नाई म्हनाचं असन तं म्हना. पन भितीच्या नावानं नका म्हनू. भितीसोबत मले संसार नाई कराचा."

भाऊजी अंगणात जाऊन पन्हाळ जुळवू लागले. खोक्याला आतून मातीचा लेप दिला, पाटामागं पाणी भरलं आणि सवयीनं हाक मारली, "सुमन, उचल!" सुमन आली नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, आणि त्या घरात भांडी तर सकाळीच घासून झाली होती. शेवटी मी गेले. मी पाट धरला तर भाऊजी काट्याकडं बघतच हळू आवाजात म्हणाले, "मावशी, हळू उचला." मी म्हटलं, "काहून? समुद्र का हळू येते?" मी हळूच उचलला. तरी खोकं आडवं झालं. त्या दिवशी "थप्पड" असं कोणी ओरडलं नाही. भाऊजी बराच वेळ ते ओलं खोकं हातात धरून त्याचा कोपरा अंगठ्यानं नीट करत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला हिशेब चुकावा असं वाटत होतं, आणि तो चुकवायचा कसा हे त्यांना येत नव्हतं.

मी सुमनला घेऊन अमरावतीला परतले. पोरगी काम करायची, अभ्यास करायची, जेवायची, पण घरातलं घड्याळ बंद पडल्यावर होतं तसं वाटायचं. लसूण पुन्हा मलाच सोलावा लागू लागला. मुलगा यायचा थांबला. मामांनी गावी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण काही दिवसांनी मुलाची आईच मुलाला घेऊन माझ्या दारात उभी. एवढ्या लांबचा प्रवास करून आलेली, काटक, नऊवारी घट्ट नेसलेली बाई. मी लगबगीनं बाहेर आले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, असं मला वाटलं, आणि कौतुकानं म्हणाली, "बाई, तुमची ओटी काय ऐसपैस आहे वो!"

आता काय सांगू. मी तेव्हा अंगानं भरलेली होतेच, पण पहिल्याच भेटीत असं तोंडावर? मी पोट आत घेतलं आणि पदर ओढून कमरेभोवती घेतला. तर पुढं म्हणते, "आमची एवढी नाय. चार माणसं बसली की भरली. पण शेणानं सारवलेली असते हां, नेहमी."

मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या कमरेकडं पाहिलं. सारवलेली? मग ती आमच्या ओसरीच्या कडेला हात टेकून वर चढली, "चला, ओटीवरच बसू, वारा आहे," म्हणाली आणि खांबाला टेकून पाय पसरून बसली.

मी जी ओरडले ती शेजारची बाई लाटणं घेऊन धावत आली. "सुमे! ओटी म्हंजे ओसरी! अवं ओसरी!" सुमन आतून आली, एकदा त्या बाईकडं बघितलं, एकदा ओसरीकडं, आणि खांबाला धरून तिनं जे रडायला सुरुवात केली ते हसण्यात कुठं मिसळलं ते कळलंच नाही. विहीणबाईंना काही कळेना. त्या म्हणत होत्या, "मी काय वाईट बोलले का गो?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला. विहीणबाईंनी आपल्या तोंडानं भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, रागावले नाहीत. फक्त विचारलं, "ओटी जमिनीपासून किती उच्ची?" बाईंनी गुडघ्याला हात लावला. "अन् पानी तिच्या वर?" "वर कधीच नाय. पायरीला लागतं, परत जातं." भाऊजींनी खडू घेतला. आम्ही सगळे भोवती, पोरीचं लग्न नसून परीक्षेचा निकाल असावा तसे. फरशी पुन्हा पांढरी झाली. आणि तो बेटा माणूस उठून काय म्हणावा?

"उधानाले भित उभी राह्यते. थे लाट आली तं पडते."

"अवो, आता तरी हो म्हना!" माझी बहीण रडकुंडीला आली.

"मले हो म्हनाचंच हाय वं. पन खोटा आकडा देऊन कसं म्हनू?" खडू हातात मोडला. मी त्यांना त्याआधी असं कधी पाहिलं नव्हतं. मग काही सुचेना म्हणून त्यांनी विहीणबाईंना विचारलं, "घराच्या मांगं काय हाय तुमच्या?"

बाई ओशाळल्या. "मागं ना? ते मामांनी मुद्दामच नाय सांगितलं तुम्हाला. मागं टेकडी आहे. चांगली चढणीची. अगदी परसाला लागून. सुनेला जळणाची फाटी आणायला चढावी लागते वो, खोटं कशाला सांगू. नाय झेपली तर मी आणीन."

"टेकडी," भाऊजी म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "टेकडी!" मग त्यांनी पायानंच फरशीवरचा आख्खा हिशेब पुसायला घेतला, ओसरीपासून न्हाणीपर्यंत. "अवं, मी इतकी सालं भितच पाहून राह्यलो. भित पडन तं पडू द्या. भित का लेकरू हाय माह्यं? सुमन टेकडीवर पोचली पायजे!"

सुमन दारातच होती. म्हणाली, "पोचते, बाबा."

लग्न साधं झालं, पांढऱ्या कपड्यांत, फुलं आणि त्रिसरण-पंचशील. सगळं आटोपल्यावर भाऊजी उभे राहिले आणि भरल्या मंडळीत जावयाला म्हणाले, "बापू, एकच वचन द्या. समुद्र अवेळी लांब मांगं सरला, तळ उघडा पडला, तं मासे येचाले जाऊ नका. भांडे उचलू नका. कोंबड्या धरू नका. टेकडी धरा." मंडळी खदखदून हसली. अमरावती-अकोल्याच्या लोकांना काय कळणार? पण नवरामुलगा हसला नाही, त्यानं हात जोडून "हो" म्हटलं, आणि माझ्या मनात त्याची किंमत त्या क्षणी दुप्पट नाही, चौपट झाली.

पाठराखीण म्हणून मी गेले आणि भाऊजीही आले. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा त्यांनी टोपी काढली. आता काहीतरी मोठं बोलतील म्हणून मी कान टवकारले. तर म्हणाले, "येवढं पानी, अन् प्याले घोट नाई!" मग धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात गेले आणि लाटेला पाठ देऊन उभे राहिले. व्हायचं तेच झालं. नाकातोंडात पाणी, टोपी गेली ती आजतागायत अरबी समुद्रात आहे. खोकत बाहेर आले, पण काय आनंद! "धावता रेटा बरोबर होता मावशी! थप्पड मी कमी धरली होती." पण दुसऱ्या दिवसापासून समुद्राकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. कुदळ मागून घेतली, परसातून टेकडीवर जाणारी घसरडी वाट धरली आणि जावई-सासरे मिळून त्या लाल दगडात पायऱ्या खोदायला लागले. रजा संपेपर्यंत तेवढंच. हाताला फोड आले, कोकणातले लोक येऊन बघून गेले, "वऱ्हाडातले व्याही बघा, मुलीला दागिने घालायचे सोडून टेकडी कोरतायत." शेवटच्या दिवशी सुमनला ओटीवरून वर धावायला लावलं. ती नवी नवरी, हिरव्या चुड्यानिशी, पदर खोचून पायऱ्या चढत गेली. वर पोचून तिनं हात हलवला तेव्हा भाऊजी खाली उभे होते, आणि मी पाहिलं, की घरी जायला निघालेला तो माणूस एकदम हलका दिसत होता.

थे लाट तिथं आली नाही. पन्नास वर्षं होतील, नाही आली. त्या पायऱ्यांवरून लाकडं उतरली, आंब्याच्या करंड्या उतरल्या, शाळेतली पोरं वर-खाली करून मोठी झाली. सुमन दर दिवाळीनंतर माहेरी यायची. भाऊजी तिला बरी आहेस का, सासू कशी आहे, असलं कधी विचारत नसत. पिशवी खाली ठेवायच्या आत एकच विचारायचे, "यंदा पानी कुठवर?" ती म्हणायची, "पायरीपर्यंत, बाबा." एवढंच. मग दोघं चहा प्यायचे. एका वर्षी ती थांबली, मग म्हणाली, "यंदा ओटीवर आलं होतं." त्या वेळी तिला परत पोचवायला तेच गेले आणि चांगले पंधरा दिवस राहिले. तिचे तेव्हा वाईट दिवस चालले होते, ते आम्हाला फार मागाहून कळलं. भाऊजींना त्या पाण्यावरून कळलं होतं.

भाऊजी गेले, मागोमाग माझी बहीण गेली. पुढं टीव्हीवर तो शब्द आला, ती चित्रं आली, तेव्हा मी एकटीच समोर बसले होते. मनात पाचही मार ओळखत होते आणि शेजारी कोणी नव्हतं म्हणायला, की बघ, ही थप्पड, हा ओंडका. सुमनला फोन लावला. तिनं उचलला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मावशी, मी वर बसली हाय, टेकडीवर. काई झालं नाई इकडं. उगीच येऊन बसली." बरीच म्हातारी झाली आहे ती आता, पायऱ्या चढवत नाहीत म्हणते, तरी चढली.

तिला "यंदा पानी कुठवर?" असं विचारणारं आता कोणी नाही. मी विचारते, पण फोनवर पाणी काही नीट कळत नाही मला. ही वही छापून तिच्या हाती पडेल तर पडो. सुमे, वाचतेस ना? हुरडा आला आहे. बडनेऱ्याला गाडी थांबते, मी नातवाला स्टेशनावर पाठवते, तुला पिशवीसुद्धा उचलावी लागायची नाही. पोरी, माझ्या ओसरीवर चार दिवस बसायला ये. लवकर ये.